विश्लेषण : ईसीजी नॉर्मल, तरीही छातीत धडधड? हृदयाच्या ‘वायरिंग’ची तपासणी कशी होते?

२०२५च्या पहिल्याच आठवड्यात कोल्हापूरची एक बातमी देशभर गाजली. डिसेंबरमध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या एका ज्येष्ठ गृहस्थांना मृत समजून रुग्णवाहिकेतून घरी नेले जात होते. वाटेत गाडी स्पीडब्रेकरवर आदळली आणि त्यांची बोटे हलल्याचे नातेवाइकांना दिसले, असे कुटुंबीयांनी माध्यमांना सांगितले. रुग्णवाहिका तशीच दुसऱ्या रुग्णालयाकडे वळवली गेली. पुढे त्यांच्यावर अँजिओप्लास्टी झाली आणि सुमारे पंधरवड्यानंतर ते चालत घरी परतले. स्पीडब्रेकरचे आभार मानणारे विनोद व्हॉट्सॲपवर फिरले आणि बातमी मागे पडली.

मात्र या घटनेतला मूळ प्रश्न विनोदाचा नाही. हृदय ‘थांबते’ म्हणजे नेमके काय होते? ते बंद पडले, मंद झाले की नुसतेच थरथरत राहिले, हे कशावरून कळते? आणि चालता-बोलता अचानक धडधड सुरू होणाऱ्या, पण डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत ठणठणीत होणाऱ्या माणसाच्या हृदयात काय बिघडलेले असते? या प्रश्नांची उत्तरे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत नाही, तर त्याच्या विजेत आहेत. ही वीज तपासणाऱ्या शाखेला कार्डियाक इलेक्ट्रोफिजिऑलॉजी म्हणतात. बोलीभाषेत, ‘ईपी’.

हार्ट अटॅक, कार्डियाक अरेस्ट आणि ठेक्याचे विकार : फरक काय?

घर डोळ्यासमोर आणा. घराला पाण्याचे नळ असतात आणि विजेची वायरिंगही असते. हृदयाचेही तसेच आहे.

हार्ट अटॅक म्हणजे नळ तुंबणे. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी अचानक बंद होते आणि स्नायूचा तेवढा भाग मरू लागतो. अँजिओग्राफीत दिसतात ते हे नळ.

ठेक्याचा विकार, म्हणजेच अ‍ॅरिदमिया, हा वायरिंगचा दोष आहे. नळ स्वच्छ असतानाही तो होऊ शकतो. त्यामुळे ‘अँजिओग्राफी नॉर्मल आली, म्हणजे हृदय ठीक आहे’ हा निष्कर्ष अर्धाच खरा असतो.

कार्डियाक अरेस्ट म्हणजे हृदयाचे पंपिंगच थांबणे. माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो. अनेकदा तुंबलेल्या नळामुळे वायरिंग बिघडते आणि हार्ट अटॅकचे रूपांतर अरेस्टमध्ये होते. अभिनेता श्रेयस तळपदे यांना डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईत हार्ट अटॅक आला. रुग्णालयात पोहोचता पोहोचता त्यांचे हृदय बंद पडले होते आणि सीपीआर व विजेचा झटका देऊन ते पुन्हा सुरू करण्यात आले, हे त्यांनी नंतर मुलाखतींतून सांगितले आहे. आधी झटक्याने ठेका परत आला, मग अँजिओप्लास्टीने नळ उघडला.

हृदयात वीज येते कुठून?

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात काही खास पेशींचा एक पुंजका असतो. त्याला सायनस नोड म्हणतात. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ मध्ये त्याचा शोध लावला. विश्रांतीच्या वेळी तो मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा विजेचा संदेश सोडतो. दिवसाचा हिशेब केला तर एक लाखाच्या आसपास ठोके होतात.

हा संदेश वरच्या दोन कप्प्यांत पसरतो आणि मधल्या एव्ही नोडपाशी येऊन क्षणभर थांबतो. महामार्गावरून कोल्हापूरकडे येणारी गाडी किणी टोल नाक्यावर थांबते, तसा. हा थांबा सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा असतो, पण मोलाचा असतो. तेवढ्या वेळात वरचे कप्पे आपले रक्त खालच्या कप्प्यांत रिकामे करतात. तिथून संदेश ‘हिस बंडल’ नावाच्या जाड तारेतून आणि तिच्या डाव्या-उजव्या फांद्यांतून खालच्या कप्प्यांत पोहोचतो. ते आवळतात आणि मनगटावर आपल्याला नाडीचा ठोका लागतो.

हा ठेका कुठे कुठे चुकतो?

प्रकार बरेच आहेत. वाचकाच्या किंवा घरातल्या कोणाच्या रिपोर्टवर दिसण्याची शक्यता असलेले प्रमुख असे :

- एक्स्ट्रा बीट : मधेच एक ठोका लवकर पडतो आणि ‘काळीज चुकल्यासारखे’ वाटते. हृदयाची रचना चांगली असेल तर हे बहुधा निरुपद्रवी असते. अपुरी झोप, अतिरिक्त चहा-कॉफी, थायरॉइड, रक्तक्षय ही त्यामागची नेहमीची कारणे.

- पीएसव्हीटी : बटण दाबल्यासारखी धडधड सुरू होते आणि तशीच अचानक थांबते. वेग मिनिटाला १५० ते २५० पर्यंत जातो. एव्ही नोडपाशी संदेशाला जाण्याचा एक आणि परतण्याचा दुसरा मार्ग मिळाला, की तो रंकाळ्याला फेऱ्या मारावा तसा गोल गोल फिरत राहतो. प्रत्येक फेरीला एक ठोका. काहींना जन्मतःच वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये एक जादा तार असते, म्हणजे टोल नाका चुकवणारी आडवाट. १९३० मध्ये वर्णन झालेला ‘डब्ल्यूपीडब्ल्यू’ हा विकार तो हाच.

- एट्रियल फिब्रिलेशन (एएफ) : वरच्या कप्प्यांत एक नव्हे, अनेक संदेश एकाच वेळी धावतात. मिरवणुकीत प्रत्येकाने आपापल्या मनाने हलगी वाजवावी, तसा गोंधळ होतो. नाडी पूर्णपणे अनियमित लागते. वरच्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. एएफमध्ये हा धोका सुमारे पाचपट असतो. वयाच्या साठीनंतर हा विकार वाढतो. आपल्याकडे लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेल्यांत तो तरुणपणीही दिसतो.

- हार्ट ब्लॉक : टोल नाकाच बंद. वरचा संदेश खाली पोहोचत नाही. खालचे कप्पे स्वतःच्या मंद गतीने, मिनिटाला ३०-४० वेळा चालतात. चक्कर, थकवा, अचानक पडणे ही लक्षणे. अँजिओग्राफीतला ‘ब्लॉकेज’ वेगळा आणि हा ‘ब्लॉक’ वेगळा. रिपोर्ट वाचताना या दोन शब्दांची सर्वाधिक गल्लत होते.

- व्हीटी आणि व्हीएफ : गोंधळ खालच्या कप्प्यांत. व्हीटीमध्ये ते अतिवेगाने धावतात, व्हीएफमध्ये नुसते थरथरतात आणि रक्त पुढे जातच नाही. अचानक मृत्यूच्या अनेक घटनांमागे हा ठेका असतो.

ईसीजी नॉर्मल आला, मग त्रास मनाचा म्हणायचा का?

या लेखातला सर्वात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे.

गाडीतून दोन दिवस खडखड आवाज येतो. उद्यमनगरातल्या मेकॅनिककडे नेली, की आवाज गायब! इंजिनीअर याला अधूनमधून येणारा फॉल्ट म्हणतात आणि तो पकडणे सर्वात अवघड असते. हृदयाच्या ठेक्याचे बहुतेक विकार असेच आहेत.

आता हिशेब पाहा. नेहमीचा १२ लीडचा ईसीजी साधारण १० सेकंदांची नोंद घेतो. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. म्हणजे आपण दिवसाचा ८,६४० वा भाग पाहिला आणि त्यात धडधड सापडली नाही, एवढेच त्या ‘नॉर्मल’ कागदाने सिद्ध होते. ठोक्यांच्या भाषेत बोलायचे, तर लाखभर ठोक्यांपैकी बारा.

पीएसव्हीटीची धडधड अनेकदा अर्ध्या तासात थांबते. रुग्ण दवाखान्यात पोहोचतो तेव्हा नाडी ८०, ईसीजी स्वच्छ. मग पित्त, टेन्शन, ‘पॅनिक अटॅक’ अशी नावे पडतात. विशेषतः महिलांच्या बाबतीत हे अधिक घडते आणि पीएसव्हीटीचा सर्वात नेहमीचा प्रकार महिलांतच जास्त आढळतो. कित्येक जणी वर्षानुवर्षे चिंतेच्या गोळ्या घेत राहतात आणि दोष असतो एका छोट्याशा तारेत.

म्हणून उलट प्रश्न विचारायला हवा : त्रास होत असतानाची नोंद आहे का? ती मिळवण्याचे मार्ग पायरीपायरीने असे :

- त्रास सुरू असतानाच ईसीजी : जवळच्या कोणत्याही दवाखान्यात लगेच काढून घ्यावा. तो एक कागद पुढच्या दहा तपासण्या वाचवू शकतो. जपून ठेवा, मोबाइलमध्ये फोटो काढा.
- होल्टर : छातीला चिकटवून २४ तास किंवा अधिक काळ नोंद घेणारे छोटे यंत्र. रोज त्रास होणाऱ्यांसाठी उपयोगी. महिन्यातून एकदा होणाऱ्या त्रासात ते रिकामे परतण्याचीच शक्यता जास्त.
- लूप रेकॉर्डर : छातीच्या कातडीखाली बसवायचे, पेन ड्राइव्हपेक्षा लहान यंत्र. सुमारे तीन वर्षे पहारा देते. कारण न सापडणाऱ्या बेशुद्धीत वापरतात.
- स्मार्टवॉच : काही घड्याळे ३० सेकंदांचा एका लीडचा ईसीजी घेतात. धडधडीच्या वेळी काढलेली अशी पट्टी डॉक्टरांना उपयोगी पडते. नुसता नाडीचा आकडा दाखवणाऱ्या घड्याळावरून मात्र निदान होत नाही.

सोबत इको, थायरॉइड, हिमोग्लोबिन या साध्या तपासण्याही होतात. एवढे करूनही फॉल्ट सापडत नसेल, किंवा सापडला पण त्याची नेमकी जागा शोधून तो कायमचा काढायचा असेल, तर ईपी स्टडी.

ईपी स्टडीत नेमके काय करतात?

मेकॅनिक गाडी मुद्दाम खडबडीत रस्त्यावरून पळवतो आणि आवाज कुठून येतो ते ऐकतो. ईपी स्टडीचे तत्त्व तेच आहे.

रुग्णाला काही तास उपाशी ठेवले जाते. ठेक्याची औषधे आधी काही दिवस डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद केली जातात, नाहीतर फॉल्ट दबून राहतो. कॅथलॅबमध्ये जांघेतली जागा इंजेक्शनने बधिर करून शिरेतून दोन ते चार बारीक तारा आत सरकवल्या जातात. एक्स-रेच्या पडद्यावर पाहत त्या हृदयात ठरलेल्या ठिकाणी ठेवल्या जातात. हृदयाच्या आत तार हलताना दुखत नाही.

प्रत्येक तारेच्या टोकाशी इलेक्ट्रोड असतात. ते दोन कामे करतात : वीज ऐकणे आणि वीज देणे.

आधी ऐकणे. छातीवरून काढलेला ईसीजी म्हणजे बंद दाराबाहेरून ऐकलेले बोलणे, इथे आपण खोलीच्या आत असतो. साध्या ईसीजीचा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने सरकतो, इथे पडद्यावर तो वेग १०० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक ठेवतात, कारण मोजमाप मिलिसेकंदात असते. उदाहरणार्थ, हिस बंडलपासून खालच्या कप्प्यापर्यंत संदेश पोहोचायला सामान्यतः ३५ ते ५५ मिलिसेकंद लागतात. बेशुद्ध पडणाऱ्या आणि एका फांदीत आधीच अडथळा असलेल्या रुग्णात हा वेळ ७० किंवा अधिक निघाला, तर तार थकत चालल्याची ती खूण असते आणि पेसमेकरचा विचार होतो. ही मोजणी शक्य झाली १९६० च्या दशकाच्या अखेरीस, तारेने हिस बंडलचा संदेश टिपण्याची पद्धत रूढ झाल्यावर.

मग डिवचणे. ठरावीक अंतराने आठ ठोके बाहेरून दिले जातात आणि नववा मुद्दाम थोडा लवकर. पुढच्या वेळी तो आणखी १० मिलिसेकंद लवकर. असे करत करत एका टप्प्यावर, आडवाट असेल तर, संदेश तिच्यात शिरतो आणि धडधड सुरू होते. रुग्ण अनेकदा म्हणतो, ‘हीच ती!’ कोणती तार आधी पेटली, कोणती नंतर, यावरून मार्ग कळतो.

‘आजार मुद्दाम भडकवायचा?’ ही भीती स्वाभाविक आहे. पण इथे तारा आधीच हृदयात असतात. काही वेगवान ठोके देऊन बहुतेक वेळा ही धडधड सेकंदांत थांबवता येते आणि शॉकचे यंत्र शेजारी सज्ज असते. रस्त्यावर, शेतात किंवा गाडी चालवताना ती सुरू होण्यापेक्षा इथे सुरू झालेली बरी.

दोष सापडल्यावर?

ॲब्लेशन : त्याच बैठकीत तारेचे टोक दोषाच्या जागी टेकवून रेडिओफ्रिक्वेन्सी ऊर्जेने काही मिलिमीटरचा ठिपका निकामी केला जातो. आडवाट बंद. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत आली आणि त्याआधी ज्यासाठी छाती उघडावी लागे, ते काम जांघेतून होऊ लागले. पीएसव्हीटीत यशाचे प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास आहे. बहुतेकांना दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. एएफमध्येही ॲब्लेशन होते, पण ते अधिक किचकट आहे. यश कमी आणि पुन्हा करावे लागण्याची शक्यता जास्त.

पेसमेकर : मंद हृदयासाठी. पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये अर्ने लार्सन यांना बसवला गेला. शस्त्रक्रिया ऑके सेनिंग यांची आणि यंत्र रूने एल्मक्विस्ट यांचे. ते पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. लार्सन मात्र पुढे एकूण २६ पेसमेकरच्या आधाराने २००१ पर्यंत जगले.

आयसीडी : घातक वेगवान ठेका ओळखून आतूनच झटका देणारे यंत्र. माणसात ते पहिल्यांदा १९८० मध्ये बसवले गेले.

औषधे : अनेकांना तेवढी पुरतात. एएफमध्ये गुठळी रोखणारी गोळी ही ठेक्याच्या गोळीइतकीच, कित्येकदा तिच्याहून महत्त्वाची असते. ‘आता धडधड नाही’ म्हणून ती स्वतःहून बंद करणे धोक्याचे आहे.

धोका आणि खर्च?

जांघेत रक्तस्राव किंवा सूज ही सर्वात नेहमीची गुंतागुंत. हृदयाला छिद्र पडून भोवती रक्त साचणे दुर्मीळ, पण गंभीर. दोष एव्ही नोडला खेटून असेल, तर मुख्य मार्गालाच इजा होऊन पेसमेकर लागण्याची शक्यता सुमारे एक टक्का किंवा त्याहून कमी असते. हे आकडे आधी विचारून घेणे हा रुग्णाचा हक्क आहे.

ही तपासणी सगळ्यांना लागत नाही. ईसीजीवरच एएफ किंवा पूर्ण हार्ट ब्लॉक स्पष्ट दिसत असेल, तर निदानासाठी ती करण्याची गरज नसते. निरुपद्रवी एक्स्ट्रा बीटसाठीही नसते.

आणखी एक लक्षात घ्यावे : अँजिओप्लास्टी करणारी प्रत्येक कॅथलॅब ईपी स्टडी करतेच असे नाही. त्यासाठी वेगळी यंत्रणा आणि वेगळे प्रशिक्षण घेतलेला तज्ज्ञ लागतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत हृदयविकारांच्या उपचारांचा समावेश आहे. आपल्या उपचाराचे नेमके पॅकेज कोणत्या रुग्णालयात मिळेल, हे तिथल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारावे.

मग स्पीडब्रेकरने हृदय सुरू झाले का?

छातीवर जोरदार ठोसा मारून ठेका परत आणण्याचा प्रयोग वैद्यकशास्त्राला जुना आहे. ठोशाची ऊर्जा कधीतरी व्हीटी थांबवते, पण ते इतके बेभरवशाचे आहे की आता नेहमीचा उपाय म्हणून त्याची शिफारस होत नाही. उलट चुकीच्या क्षणी छातीवर बसलेला चेंडूचा फटका निरोगी हृदयातही व्हीएफ सुरू करू शकतो. सीपीआर थांबवल्यानंतर काही मिनिटांनी रक्ताभिसरण आपोआप परतल्याच्याही मोजक्या नोंदी आहेत. म्हणूनच त्यानंतर किमान १० मिनिटे मॉनिटर सुरू ठेवावा, असे काही तज्ज्ञ सुचवतात. रुग्णवाहिकेतल्या त्या क्षणी ठेका कोणता होता, हे मॉनिटरच्या पट्टीशिवाय कोणीही ठरवू शकत नाही. ठेक्याच्या बाबतीत नियम एकच : नोंद नाही, तर निदान नाही.

फुटबॉलवेड्या शहरासाठी एक धडा

१२ जून २०२१. युरो स्पर्धेत डेन्मार्क-फिनलंड सामना सुरू असताना डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन कोणाचाही धक्का न लागता मैदानावर कोसळला. हृदय बंद पडले होते. मैदानावरच सीपीआर आणि शॉक देण्यात आला. नंतर आयसीडी बसवले गेले. इटलीत ते यंत्र घेऊन खेळण्यास परवानगी नसल्याने तो इंग्लंडच्या ब्रेंटफर्डकडून खेळू लागला आणि जून २०२४ मध्ये युरोतच स्लोव्हेनियाविरुद्ध त्याने गोल केला.

तो वाचला, कारण शॉकचे यंत्र आणि ते वापरणारे हात मैदानाशेजारी होते. व्हीएफमध्ये शॉकला उशीर होणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. शाहू स्टेडियमवर पेठापेठांचे संघ भिडतात तेव्हा हजारोंची गर्दी असते. तालमी आहेत, भरतीची तयारी करणारी पोरे पहाटे धावतात. अशा प्रत्येक ठिकाणी शॉकचे यंत्र, म्हणजे एईडी, कुठे ठेवले आहे आणि ते कोणाला वापरता येते, हा प्रश्न आयोजकांना विचारलाच पाहिजे.

कोल्हापुरात ‘सीपीआर’ म्हटले की छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आठवते. तिथे पोहोचेपर्यंतचा सीपीआर मात्र शेजारच्या माणसाच्या हातात असतो : छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब. न थांबता.

हे लक्षात ठेवा

- धडधड सुरू झाली, की वेळ लिहा आणि नाडी मोजा. अचानक सुरू झाली की हळूहळू, नियमित होती की वेडीवाकडी, हे डॉक्टरांना सांगा. निदानाचे अर्धे काम त्यातच होते.
- पीएसव्हीटीचे निदान झालेल्यांनी जोर देऊन श्वास रोखण्याची युक्ती डॉक्टरांकडून शिकून घ्यावी. १५ सेकंद जोर देऊन लगेच आडवे होणे आणि पाय वर उचलून धरणे, या सुधारित पद्धतीने इंग्लंडमधील २०१५ च्या अभ्यासात ४३ टक्के रुग्णांची धडधड थांबली. जुन्या पद्धतीने ती १७ टक्के जणांची थांबली होती.
- धावताना, खेळताना बेशुद्ध पडणे किंवा घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणे, हे धोक्याचे इशारे आहेत. ‘ऊन लागले असेल’ म्हणून सोडून देऊ नका, हृदयाची तपासणी करा.
- धडधडीसोबत छातीत दुखणे, दम लागणे किंवा शुद्ध हरपणे असेल, तर वाट न पाहता १०८ ला फोन करा.
- ईसीजी नॉर्मल आला आणि त्रास परत परत होत असेल, तर तो कागद तपासणीचा शेवट समजू नका. त्या दहा सेकंदांत फॉल्ट आला नव्हता, एवढेच तो सांगतो.